चूक वाचा, चिमटा सोडा

महोदय,

माझा भाचा कर्वेनगरला राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात त्याने एका ओपन सोर्स प्रकल्पाला (ज्याचा कोड कुणालाही बघता आणि सुधारता येतो) पहिलावहिला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवला. तिथल्या जाणकारांकडून उत्तर आलं दोन ओळींचं. 'फाइल उघडली की नाही हे न बघताच वाचायला घेतली आहे. पाठवण्याआधी एकदा चालवून तरी बघायचं.' पोरगं दोन दिवस धड जेवलं नाही. शेवटी बहिणीने मला फोन केला.

मी पंचवीस वर्षं याच धंद्यात आहे. कोड उघडून पाहिला. पहिली ओळ शंभर टक्के खरी होती. फाइल जागेवर नसली की प्रोग्रॅम तिथेच कोसळायचा. दुसरी ओळ म्हणजे नुसता चिमटा. 'दारात गाडी लावल्यास हवा सोडली जाईल' ही पाटी वाचून आपण निमूट गाडी हलवतो, तसं त्याला करायला लावलं. चार ओळी वाढल्या, पॅच स्वीकारला गेला.

पण 'जाणकार आहेत, बोलणारच' हे काही मला पटत नाही. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनीच सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या जहाल ईमेलबद्दल माफी मागून काही आठवडे काम थांबवलं होतं. कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर, काम करणाऱ्यांसाठी आचारसंहिताही तेव्हाच आली. वाईट कोड नाकारणं त्यानंतरही चालूच आहे, आणि तसंच हवं.

भाच्याने ते उत्तर छापून टेबलासमोर चिकटवलंय. दुसरी ओळ काळ्या पेनाने खोडून.

– एक प्रोग्रॅमर, कोथरूड, पुणे