आधी वापर कमी, मग सोलर

संपादक महोदय, रविवारच्या पुरवणीत नेट-झिरो, म्हणजे वर्षभरात लागेल तेवढी वीज स्वतःच तयार करणाऱ्या, इमारतींवरचा लेख वाचला, विषय घेतलात ते फार बरं झालं पण सगळा भर सोलर पॅनलवरच दिसला, आणि तिथंच माझी हरकत आहे. वीस मजली टॉवर असो की दोन मजली बंगला, प्लॉट तेवढाच असेल तर गच्चीही साधारण तेवढीच, मग त्या गच्चीवरची वीज वीस मजल्यांना पुरणार कशी? त्यामुळे आधी वीज कमी लागेल अशी इमारत बांधायला हवी. दिल्लीतलं इंदिरा पर्यावरण भवन, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची नेट-झिरो इमारत, २०१४ साली सुरू झालं, त्यावर ९३० किलोवॅटचे पॅनल आहेत हे सगळे सांगतात, पण मधोमध मोकळा चौक ठेवून उजेड-वारा आत घेतलाय आणि कूलिंगसाठी चिल्ड बीम (छताला बसवलेली, थंड पाणी फिरवून हवा गार करणारी यंत्रणा) वापरलेत म्हणून तिथं मुळात वीजच कमी लागते, हे कोणी सांगत नाही. आमच्या पुण्यात नव्या बिल्डिंगला पश्चिमेकडे सरसकट मोठ्या काचा आणि वर छज्जा नाही, एप्रिलमध्ये रात्री अकराला बेडरूमच्या भिंतीला हात लावला तरी गरम लागते, मग एसी लावण्यावाचून इलाज काय. भिंती-खिडक्यांतून घरात किती उष्णता यावी याची मर्यादा इको निवास संहितेत, म्हणजे घरांच्या वीज बचतीसाठी केंद्रानं केलेल्या नियमावलीत, २०१८ पासून दिलेली आहे. महापालिकेनं प्लॅन पास करतानाच ती तपासावी, छज्जा नसेल तर प्लॅन परत पाठवावा, आणि सोलरची सूट त्यानंतरच द्यावी.

– एक वाचक, पुणे