पित्ताच्या गोळीने भागत नाही तेव्हा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत अंगावरच्या पित्तावर आमसुलाच्या पाण्याचा उपाय वाचला. उपाय चांगलाच, आमच्या घरीही करतात. पण औशात औषधांचं दुकान चालवताना जे दिसतं, त्यातलं थोडं सांगतो.

सेटिरिझिनची (ॲलर्जीच्या गोळीची) पट्टी नेणारे बहुतेक जण चार दिवसांत पित्त विसरतात. सहा आठवड्यांपेक्षा जास्त रेंगाळलेलं पित्तही बहुधा नियमित गोळ्यांनी आटोक्यात राहतं. प्रश्न उरलेल्या मोजक्यांचा आहे. आमच्या एका शेतकरी गिऱ्हाइकाच्या अंगावर गांधी उठायच्या, पण खाज जेमतेम. संध्याकाळी ताप, रात्री नडग्या ठणकायच्या. पित्ताची गोळी एका चिठ्ठीवर, तापाची दुसऱ्या, हाडांसाठी कॅल्शियम तिसऱ्या. तिन्ही चिठ्ठ्या वेगवेगळ्या दवाखान्यांच्या. मध्येच स्टेरॉइड मिळालं की बरं, सुटलं की पुन्हा तेच. अखेर लातूरच्या एका फिजिशियननी सगळे कागद एकत्र मांडले. ईएसआर, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) वाढलेले होतेच. रक्तातली प्रथिनं वेगवेगळी करून पाहणारी इलेक्ट्रोफोरेसिस आणि पुढची तपासणी केल्यावर आयजीएम नावाचं, सगळं एकाच साच्याचं प्रतिपिंड (अँटीबॉडी) सापडलं. निदान झालं श्निट्झलर सिंड्रोम. लिलियान श्निट्झलर या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी १९७२ मध्ये हा आजार नोंदवला. मुळात ही ॲलर्जीच नव्हे, इंटरल्युकिन-१ या दाह भडकवणाऱ्या प्रथिनामुळे पेटलेला दाह. मग ॲलर्जीची गोळी कितीही वाढवली तरी उपयोग काय? शिवाय काहींना पुढे रक्ताचा कर्करोग होतो, त्यामुळे तपासणी सुटता कामा नये.

दुसरा प्रकार रक्तवाहिन्यांच्या दाहाचा. साधी गांध २४ तासांच्या आत मावळते, मागे डाग ठेवत नाही. या दाहातली गांध मात्र जास्त टिकते, खाजेपेक्षा आग होते, उतरल्यावर काळसर वण राहतो. खात्री बायोप्सीनेच, म्हणजे त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासल्यावरच होते. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, गांधीभोवती बॉलपेनने गोल काढा, शेजारी वेळ लिहा, मोबाइलवर फोटो घ्या. त्वचारोगतज्ज्ञांकडे पोहोचेपर्यंत अंग कोरं झालेलं असतं. तिथे हा फोटोच कामाला येतो.

पुरवणीत घरगुती उपायांशेजारी एक चौकट छापावी, ही विनंती. पित्तासोबत ताप, हाडं-सांध्यांचं दुखणं किंवा मागे राहणारा डाग असेल, तर दुकानातून परस्पर गोळी नेऊ नये, आणि डॉक्टरांपुढे जुन्या चिठ्ठ्या सगळ्याच ठेवाव्यात. माझी विक्री थोडी घटली तरी चालेल.

आपला,
एक औषधविक्रेता, औसा (जि. लातूर)