नोंदी रेंज नसतानाही उघडाव्यात

रुग्णांच्या नोंदी क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून उघडणाऱ्या दूरच्या सर्व्हरवर, ठेवण्यास विरोध करणारा आपल्या अंकातील लेख वाचला. तो पटला नाही. गेल्या पावसाळ्यात वडिलांना धडगावहून धुळ्याला हलवले, तेव्हा पिशवीतल्या ईसीजीच्या कागदाचा लगदा झाला होता. सगळ्या तपासण्या पुन्हा कराव्या लागल्या. रुग्णालयातलाच सर्व्हर अधिक सुरक्षित, हेही खरे नाही. नोव्हेंबर २०२२ मधील सायबर हल्ल्यानंतर दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये कित्येक दिवस कागदावर काम चालले. मात्र सातपुड्यात रेंज आणि वीज दोन्ही बेभरवशाची. आरोग्य केंद्रात नोंद उघडलीच नाही, तर रुग्णाचा १४ अंकी ‘आभा’ (डिजिटल आरोग्य खाते) क्रमांक असून काय उपयोग? आरोग्य केंद्राच्या संगणकात नोंदीची प्रत राहावी आणि रेंज आली की ती आपोआप क्लाउडवर जावी, ही अट अशा नोंद-प्रणालीच्या निविदेतच घालावी.

– एक वाचक, शहादा (जि. नंदुरबार)