रविवारच्या आशुरेबद्दल सूचना

सभासदांनो, मोहरमचे बारा दिवसांचे उपास संपल्यावर कोलोनमधल्या अलेवी (तुर्कस्तानातला एक धर्मपंथ) केंद्राने रविवारी आपल्याला आशुरे या गोड खिरीसाठी बोलावलं आहे. गहू, हरभरे, जर्दाळू, अंजीर मोठ्या पातेल्यात शिजवून वर डाळिंबाचे दाणे घालतात. वाटी पुढे आली की नाही म्हणू नका.

१९६१ च्या जर्मनी-तुर्कस्तान करारानंतर तुर्कस्तानातून इथे कामगार म्हणून आलेल्यांत अलेवीही होते. गावात लपूनछपून जपलेला 'जेम' हा विधी आज त्यांची नातवंडं इथे उघडपणे करतात. मला याचं फार अप्रूप वाटतं.

जेमला थांबणार असाल तर: उंबऱ्यावर पाय देऊ नका, ओलांडून आत या. बायका-पुरुष एकत्रच बसतात. आपल्याकडे वीणेला जो मान, तोच तिथे साझ या तंतुवाद्याला, म्हणून वाद्याला हात लावू नका. जेममधलं सेमाह हे नृत्य पाहताना टाळ्या नकोत, ती उपासना आहे. फोटो विचारूनच.

भिंतीवर २ जुलै १९९३ ला तुर्कस्तानातल्या सिवासच्या मादिमाक हॉटेलात अलेवी महोत्सवाच्या वेळी झालेल्या जाळपोळीत गेलेल्यांची चित्रं असतील. तिथे घटकाभर शांत उभे राहूया.

किती जण येणार ते शुक्रवारपर्यंत कळवा, त्यांना गहू भिजत घालायचे आहेत.