दुखणे नवे, झीज जुनी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पन्नाशीच्या आसपास खांदा, गुडघा किंवा कोपर दुखू लागले की आपण त्या दुखण्याला आधी एक दिवस आणि एक निमित्त शोधून देतो, याविषयी हे पत्र आहे. ‘परवा कपाट सरकवले’, ‘पायरीवरून पाय घसरला’, ‘बादली उचलताना चमक भरली’ असे रुग्ण डॉक्टरांना सांगतात आणि त्यात खोटे काही नसते. दुखायला त्या दिवशी लागले हे खरेच. पण आतली कंडरा (स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी दोरी) किंवा कूर्चा (सांध्यातील हाडांमधली लवचिक गादी) त्याच दिवशी बिघडली, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

मी स्वतः या गैरसमजापायी पाच महिने घालवले. वयाच्या ५७व्या वर्षी वरच्या फळीवरची पेटी काढताना माझ्या उजव्या खांद्यातून कळ गेली. मी ती दुखापत ठरवून टाकली, कित्येक आठवडे हात गळ्यात बांधून ठेवला, आणि एमआरआयच्या अहवालात ‘कंडरा अंशतः फाटलेली’ हे शब्द वाचल्यावर तर ती पेटी वर ठेवणाऱ्या घरच्या माणसालाच दोष देत राहिलो, याचे मला आजही वाईट वाटते. पुढे एका फिजिओथेरपिस्टने विचारले, ‘त्याआधी या कुशीवर झोपताना त्रास व्हायचा का?’ तेव्हा आठवले की सुमारे दोन वर्षे मी त्या कुशीवर झोपणे टाळत आलो होतो. डाव्या खांद्याची सोनोग्राफी केली, तर तिथेही कंडरा जवळजवळ तितकीच फाटलेली निघाली. तो खांदा मात्र एक दिवसही दुखला नव्हता.

हा माझ्या एकट्याचा अपवाद नव्हे. खांद्याची कोणतीही तक्रार नसलेल्या ९६ व्यक्तींचे एमआरआय तपासणारा एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील साठीपुढच्या ५४ टक्के लोकांची कंडरा अंशतः किंवा पूर्ण फाटलेली होती. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे पन्नाशीपुढच्या ९९१ नागरिकांचे गुडघे तपासले गेले. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीनुसार गुडघ्यातील गादी फाटल्याचे किंवा झिजल्याचे प्रमाण पन्नाशीतील स्त्रियांमध्ये १९ टक्के, तर सत्तरीपुढील पुरुषांमध्ये ५६ टक्के होते. आणि गादी फाटलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना मागच्या महिनाभरात गुडघ्याचे कोणतेही दुखणे किंवा आखडलेपण जाणवले नव्हते. म्हणजे यंत्राने दाखवलेले फाटणे खरे असते, मात्र ते कधीचे आहे आणि आजचे दुखणे त्यातूनच येते आहे का, हे केवळ त्या चित्रावरून ठरवता येत नाही.

कंडरा ही मुळातच मंद गतीची ऊती आहे. तिला रक्तपुरवठा कमी असतो. कोपनहेगनच्या संशोधकांनी गेल्या शतकातील अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनचा माग काढून २०१३मध्ये दाखवून दिले, की टाचेमागच्या कंडरेचा गाभा वयाच्या साधारण सतराव्या वर्षानंतर जवळपास नव्याने घडतच नाही. तारुण्यात विणलेली ती दोरी आपण आयुष्यभर वापरतो! तिची हळूहळू होणारी झीज आपल्याला समजत नाही, समजतो तो फक्त तिला न पेललेला एखादा भार. मधुमेह असेल तर खांदा जखडण्याची शक्यता वाढते आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी काही प्रतिजैविके कंडरा कमजोर करू शकतात. पण पेटीची गोष्ट सांगण्याच्या भरात रुग्णाकडून या बाबी सांगायच्या राहून जातात.

निदानाचे नाव चुकले की उपचारही चुकतो, ही माझी खरी तक्रार आहे. ताज्या जखमेला काही दिवस विश्रांती हवी, हे योग्यच आहे; परंतु झिजलेली कंडरा दीर्घ विश्रांतीने आणखी दुबळी होते आणि मोजून-मापून वाढवलेल्या भाराच्या व्यायामाने, काही महिन्यांत का होईना, सावरते. टेनिस एल्बोवर, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या कंडरेच्या दुखण्यावर, स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले की काही आठवडे बरे वाटते, मात्र वर्षअखेरीस इंजेक्शन घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांपेक्षा वाईट आढळली आहे. फिनलंडमध्ये झिजून फाटलेल्या गादीच्या १४६ रुग्णांपैकी काहींवर दुर्बिणीतून खरी शस्त्रक्रिया झाली, तर काहींवर केवळ शस्त्रक्रियेचा देखावा. वर्षभरानंतर दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता.

मात्र ‘वय झाले’ म्हणून सारेच अंगावर काढणे तितकेच घातक आहे. पडल्यानंतर हात वर उचलता न येणे, पिंडरीत ‘फट्’ असा आवाज होऊन चवड्यावर उभे राहता न येणे, काही तासांत गुडघा टम्म सुजणे, पायावर भार न पेलणे किंवा तापाबरोबर सांधा लाल व गरम होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

अहवालात ‘फाटलेली’ एवढेच लिहून न थांबता, असा बदल या वयात वेदना नसलेल्या किती जणांत दिसतो, हे सांगणारी एक ओळ तज्ज्ञांनी त्याखाली घालावी. ती ओळ मला पहिल्याच दिवशी वाचायला मिळाली असती, तर माझा हात इतके दिवस गळ्यात राहिला नसता. आपल्या आरोग्यविषयक पानासाठी एखाद्या क्ष-किरणतज्ज्ञाकडून या विषयावर लेख लिहून घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक