काकाच्या ऑपरेशनचं विचारायलाच हवं

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर बाबा म्हणाले, "डॉक्टरांशी वाकडं नको, अजून त्यांच्याच औषधांवर आहे तो." शेजारी काकू होती, म्हणून मी बोलले नाही.

मला भांडायचं नाहीच. पण काकाच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची डिस्चार्ज समरी काढून बघा. वर छापलंय, 'शस्त्रक्रिया व नंतरचा काळ निर्विघ्न'. आणि तिलाच टाचलेल्या रक्ताच्या रिपोर्टवर बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, 9, जे 1 च्या आसपास असायला हवं. डोळे पिवळेधमक, लघवी गडद, रात्रभर अंग खाजवत बसलेला माणूस, आणि म्हणे निर्विघ्न!

दुर्बिणीतून पित्ताशय काढताना त्याची छोटी नळी क्लिपा लावून कापतात. तिला लागूनच यकृताकडून आतड्याकडे जाणारी मुख्य पित्तनळी असते. आत सूज असली, सगळं एकमेकांना चिकटलेलं असलं, की मुख्य नळीच छोटी वाटते आणि क्लिप नको तिथे बसते. हजारात दोन-चार जणांना हे होतं, मुरलेल्या सर्जनच्या हातूनही, आणि बऱ्याचदा टेबलावर त्यांच्या लक्षातही येत नाही. काकाचं हेच झालंय असं मी म्हणत नाही. एखादा खडा नळीत सरकून अडकला असेल, तरी कावीळ होते. पण दोन्हींचे उपाय वेगळे. खडा दुर्बिणीने तोंडावाटे काढता येतो. नळीच कापली गेली असेल तर ती जोडायला यकृत-पित्तनळीच्या ऑपरेशनांत मुरलेला सर्जन लागतो. म्हणून विचारायचं. कुणाला दोषी ठरवायचं ते नंतर बघू, किंवा नाही बघू. "होतं असं, उतरेल" म्हणून त्यांनी बोळवण केली, ते मात्र मला खुपतंय.

समरी पुरेशी नाही. ऑपरेशन नोट मागायची: काय दिसलं, किती क्लिपा, कुठे लावल्या, ते तिच्यात असतं. पित्ताशयाला जाणाऱ्या दोनच गोष्टी, एक नळी नि एक रक्तवाहिनी, स्वच्छ दिसल्याशिवाय कापायचं नाही, असा सर्जन लोकांचा दंडक आहे. तसं दिसलं होतं का, हे विचारण्यात उद्धटपणा कसला? व्हिडिओ ठेवला असेल तर तोही मागा. आणि एमआरसीपी, म्हणजे पित्तनळ्यांचा एमआरआय, का केलं नाही, हे आधी विचारा. त्यात नळीचा नकाशाच दिसतो.

आई, तू म्हणशील नशीब. असेल. पण ताप आला, थंडी वाजली किंवा पोट दुखायला लागलं, तर नशिबावर सोडू नका, लगेच दाखवा.

अजून एक, आणि हे तुम्हाला आवडणार नाही. डॉक्टर आपल्यापासून लपवताहेत म्हणून आपण चिडलोय, आणि काकाला आपण काय सांगितलंय? "अशक्तपणा आहे." शरीर त्याचं आहे, बाबा. तुमचा भाऊ तुम्ही समजता तितका हळवा नाही. कागद मागायचा अर्ज त्याच्याच सहीने जाऊ दे, आणि एका प्रतीवर पोच घ्या.

रविवारी येते. तोवर निदान अर्ज द्या.

तुमची,
लेक