जपानी हिवाळ्यातली ऊब बेताने घ्यावी

मा. संपादक,

हिवाळी जपान सहलींच्या जाहिरातींत बर्फ असतो, गरम पाण्याचे झरे असतात. थंडीत राहायचे कसे, हे मात्र नसते. टोकियोत जानेवारीत पहाटे पारा १-२ अंशांपर्यंत उतरतो. तिथल्या बऱ्याच घरांत बसायची खोली तेवढी गरम करतात, न्हाणीघर गारठलेलेच. म्हणून ऊब थेट अंगाला देतात, आणि मुंबईकर नेमका इथे चुकतो.

‘काइरो’ म्हणजे अंग शेकायची तयार पुडी. तिच्यात लोखंडाची भुकटी, मीठ, कोळशाची पूड आणि पाणी असते. वेष्टन फोडले की हवा लागून लोखंड गंजते आणि पुडी तापते. चिकटणारी पुडी बनियनवरून कमरेला लावावी, कातडीला कधीच नाही. ४४ अंशांची ऊब हाताला सुखद वाटते, पण तीच एका जागी काही तास राहिली तर कातडी खोलवर भाजते. झोपताना पुडी काढलीच पाहिजे. साधी पुडी बुटात हवेअभावी नीट तापत नाही. बुटासाठीची वेगळी मिळते. मधुमेहामुळे ज्यांचे पाय बधिर झाले आहेत त्यांनी मात्र तीही वापरू नये आणि ‘कोतात्सू’त, म्हणजे खाली हीटर आणि वरून दुलई असलेल्या बैठ्या टेबलाखाली, पाय घालून झोपू नये. सहल कंपन्यांनी ज्येष्ठ प्रवाशांना हे निघण्यापूर्वीच सांगायला हवे.

रस्त्यावरच्या यंत्रांत लाल पट्टीखालची पेये गरम, निळ्या पट्टीखालची थंड. मक्याच्या सूपमध्ये पुष्कळदा चिकनचा अर्क असतो, शाकाहाऱ्यांनी विचारून घ्यावे. ‘होजिचा’ हा भाजलेला हिरवा चहा. त्यावर उकळते पाणी ओतून अर्ध्या मिनिटात गाळावा.

सगळ्यांत गुणाचे पेय ‘अमाझाके’. ते दोन तऱ्हांनी होते. साके या तांदळाच्या जपानी दारूच्या चोथ्यापासून केलेल्यात मद्यार्क असतो. तांदळाच्या कोजीपासून, म्हणजे खाण्याजोगी बुरशी वाढवलेल्या तांदळापासून, केलेले मुलांनाही चालते, आणि ते मुंबईतल्या स्वयंपाकघरातही जमते. जपानमधल्या सुपरमार्केटमधून सुकी कोजी आणावी. १५० ग्रॅम तांदळाची ७०० मिली पाण्यात दाट पेज करून ती ६० अंशांपर्यंत निवू द्यावी. मग २०० ग्रॅम कोजी मोकळी करून ढवळावी आणि उकळत्या पाण्याने विसळलेल्या थर्मासमध्ये ८ तास ठेवावी. अंदाजावर जाऊ नये, थर्मामीटर हवाच. पेज ७० अंशांच्या वर असताना कोजी घातली तर पिष्टाची साखर करणारी विकरे मरतात आणि हाती फिकी पेजच राहते. ५० च्या खाली गेली तर आंबट होते. म्हणून चौथ्या तासाला तपासावे. निवली असेल तर मंद आचेवर ढवळत पुन्हा ६० वर आणावी. साखर अजिबात घालायची नाही. गोडी आली की एक उकळी द्यावी, नाहीतर फ्रिजमध्येही आंबत राहते. पिताना वरून आल्याचा रस, कपाला अर्धा चमचा पुरे.

– एक वाचक, विलेपार्ले, मुंबई